शिशातले शिलेदार
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी या सत्राला 'सध्या काय चाललंय?' असं नाव दिलंय. माझ्या आधी एकाने गच्चीवरच्या बागेबद्दल सांगितलं, एकीने नर्मदा परिक्रमेबद्दल. माझा विषय त्या मानाने फारच लहान आहे. शब्दशः लहान. तळपायापासून डोळ्यांपर्यंत 28 मिलिमीटर.

आत्ता तुमच्यात दोन डबे फिरतायत. त्यात धातूच्या छोट्या मूर्ती आहेत. ज्यांनी चष्मा खिशात ठेवलाय त्यांनी तो लावावा. मूर्ती खालच्या चकतीला धरून उचला, अंगाला नको. बोटांच्या घामाने रंग जातो. एक जण टोपी घालून हातात कंदील घेऊन उभा आहे. एकीने पायघोळ झग्यावर काडतुसांचा पट्टा बांधलाय. एक उंटावर आहे. एकाच्या पाठीवर भलंमोठं गाठोडं आहे. या शेवटच्या माणसाकडे जरा नीट बघून ठेवा, त्याच्याबद्दल मला पुढे बोलायचंय.

या मूर्ती शोभेच्या नाहीत, खेळायच्या आहेत. टेबलावर वाळवंट, बाजार, पडकं मंदिर असं काहीतरी उभारायचं, दोन-चार जणांनी आपापल्या टोळ्या घेऊन बसायचं, मोजपट्टीने चाली मोजायच्या आणि फासे टाकून काय घडतं ते ठरवायचं. या खेळाच्या अनेक शाखा आहेत. कोणी पानिपत खेळतं, कोणी वॉटर्लू, कोणी राक्षस आणि जादूगार. मी ज्या शाखेत रमलो तिला 'पल्प अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात.

पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. त्या लगद्यापासून केलेल्या सगळ्यात स्वस्त, खरखरीत कागदावर अमेरिकेत कथांची मासिकं निघत. 1896 साली फ्रँक मन्सी या प्रकाशकाने आपलं 'आर्गसी' हे मासिक संपूर्ण कथांचं केलं आणि असल्या कागदावर छापलं, तिथून ही परंपरा धरतात. मुखपृष्ठ भडक, आत शंभरावर पानं, आणि किंमत गिरणीकामगाराच्या पोरालाही परवडेल अशी. 1931 साली 'द शॅडो' आलं, 1933 साली 'डॉक सॅव्हेज'. शॅडोच्या बहुतेक कथा लिहिणारा वॉल्टर गिब्सन हा मुळात जादूचे प्रयोग करणारा माणूस. त्याने त्या एका नायकावर पावणेतीनशेहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, त्याही दुसऱ्याच नावाने.

हा आकडा ऐकून तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आलंय, कारण आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्यात. झुंजार आणि काळा पहाड ही नावं या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नकोत. भूगोलाच्या पुस्तकात अर्नाळकर ठेवून वाचणारे निदान तीन जण मला इथून दिसतायत. तेव्हा पल्प म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. कागद पिवळा, नायक अजिंक्य, खलनायकाचं हसणं गडगडाटी, आणि प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दाराआड उभं.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, मग चित्रकथा आणि दूरचित्रवाणी आली. शॅडो आणि डॉक सॅव्हेज काढणाऱ्या प्रकाशनाने 1949 साली ही मासिकं बंद केली. तो काळ खरं तर तिथेच संपायचा. पण ज्यांनी लहानपणी असल्या गोष्टी वाचल्या, तसले चित्रपट पाहिले, ती पोरं मोठी होऊन स्वतः चित्रपट काढू लागली. 1981 साली इंडियाना जोन्स आला आणि टोपी, चाबूक, पुरातन मूर्ती, दोरांचा पूल हे सगळं पुन्हा जिवंत झालं. आपल्या टेबलांवरचे हे शिलेदार त्या दुसऱ्या लाटेतले.

आता खेळण्यातल्या सैनिकांकडे वळू. 1893 साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर थिजला की साचा उलटा करून आतलं पातळ शिसं परत काढून घ्यायचं. मूर्ती पोकळ होते, शिसं कमी लागतं, किंमत उतरते. तोवर बाजार जर्मन सैनिकांचा होता, त्यांच्याशी हे टक्कर देऊ लागले. या सैनिकांवर जीव जडलेला एक मोठा माणूस म्हणजे लेखक एच. जी. वेल्स. यंत्रातून काळाचा प्रवास घडवणारे तेच. त्यांनी 1913 साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. जमिनीवर सैनिक मांडायचे, खेळण्यातल्या तोफेने लाकडी खुंट्या उडवून ते पाडायचे, याचे रीतसर नियम त्यात आहेत. पुस्तकाच्या शेवटी वेल्स म्हणतात त्याचा आशय असा, की हा खेळ चार वेळा खेळून पाहिलेल्या माणसाला खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. सेनापतींनी काही ते पुस्तक वाचलेलं नसावं.

हे सैनिक ब्रिटनच्या काळी 54 मिलिमीटर उंच होते. जेवणाच्या टेबलावर लढाई मावावी म्हणून हळूहळू लहान झाले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या आसपास या धंद्याचं मोहोळच बसलं. एखाद्या कंपनीत शिकून तयार झालेले मूर्तिकार बाहेर पडायचे आणि स्वतःची छोटी ओतशाळा काढायचे. आपल्याकडे पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यातून कारागीर बाहेर पडून स्वतःचा कारखाना टाकतो, तसंच. मार्क कॉपलस्टोन हे त्यातलं मोठं नाव. 1920च्या सुमाराचा मध्य आशिया, म्हणजे मंगोलिया, तुर्कस्तान, गोबी, यावर त्यांनी 'बॅक ऑफ बियाँड' नावाची मालिका केली. कॅनडात बॉब मर्च यांनी 'पल्प फिगर्स' याच नावाने मूर्ती काढल्या. हे प्रचंड कारखाने नव्हेत. एक मूर्तिकार, एक ओतारी, पाकिटं भरायला घरातलं माणूस, एवढाच पसारा अनेकदा असतो.

मूर्ती घडते कशी तेही सांगतो, कारण आपले चित्रकलेचे सर पहिल्या रांगेत बसलेत आणि त्यांनी मघाशी मूर्ती उलटी करून तळ पाहिला.

आधी तारेचा सांगाडा करतात. पाय किती फाकलेत, खांदा कुठे झुकलाय, हे सगळं त्या तारेतच ठरतं. त्यावर दोन रंगांची पुट्टी मळून लावतात. एक पट्टी पिवळी, एक निळी. मळली की हिरवी होते आणि काही तासांत दगडासारखी घट्ट होते. ती मऊ आहे तोवर सुया, सुरीची टोकं, दातांच्या डॉक्टरकडची हत्यारं घेऊन चुण्या, बटणं, मिशा कोरायच्या. मग ही मूळ मूर्ती रबराच्या दोन जाड चकत्यांच्या मध्ये ठेवून दाबयंत्रात सुमारे दीडशे अंशांवर शिजवतात. रबर पक्कं होतं, आत मूर्तीचा ठसा उमटतो. त्यातून निघालेल्या पहिल्या प्रती वापरून पुन्हा मोठा साचा करतात. हा साचा गरगर फिरवायचा आणि मध्यातल्या भोकातून वितळलेला धातू ओतायचा. फिरण्याच्या जोराने धातू कडेला फेकला जातो आणि बोटाच्या पेरापर्यंत, बंदुकीच्या घोड्यापर्यंत पोचतो. भौतिकशास्त्राच्या तासाला दोरीला बादली बांधून फिरवली होती ना, तोच नियम.

धातूही गंमतीचा आहे. पूर्वी शिसं भरपूर असायचं. आता मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी. कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 अंशांना. पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर मिश्रण 183 अंशांनाच पातळ होतं. दोघांपेक्षा दोघांचं मिश्रण नरम! रसायनशास्त्राच्या बाईंनी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं, समजलं साठीनंतर. 1990च्या दशकात अमेरिकेत शिशाच्या विषारीपणावरून कायद्याची चर्चा सुरू झाली आणि बऱ्याच ओताऱ्यांनी शिसं सोडलं. डब्यातल्या मूर्तींमध्ये दोन जुन्या शिशाच्या आहेत, त्यांच्यावर रंगाचे आणि वॉर्निशचे थर आहेत. तरी नातवंडांच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि हात धुऊनच जेवायला या.

मूर्ती घरी येते ती राखाडी, बिनरंगाची. कानशीने साच्याची रेघ घासायची, प्रायमर मारायचा, मग रंग. गडद पाणीदार रंग सुरकुत्यांत उतरवायचा, उंचवट्यांवर फिका रंग नुसता टेकवायचा. डोळे सगळ्यात अवघड. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, त्याचं मोल मला हे करताना कळलं. बुबुळ केसभर सरकलं की शूर वीर चकणा होतो.

आता मुद्द्याकडे येतो. रंगवताना एक प्रश्न रोज समोर असतो : कातडीला कोणता रंग द्यायचा?

हसू नका, प्रश्न साधा नाही. धातू राखाडी असतो. माणूस कोण ते आपण ठरवतो. पण मूर्तिकाराने पोशाख आणि ऐट आधीच ठरवलेली असते आणि ती जुन्या पल्पच्या मुखपृष्ठांवरून आलेली असते. त्या मुखपृष्ठांवर नायक गोरा, खलनायक पिवळा नाहीतर काळासावळा, आणि मधे हमाल, वाटाड्या, स्वयंपाकी. हिंदुस्थान आला की ठग, नाग आणि देवीपुढे बळी. इंडियाना जोन्सचा 1984चा चित्रपट आठवा. आपल्या अमरीश पुरींनी त्यात मोला राम केला. कथेतलं गाव हिंदुस्थानातलं, पण इथे चित्रीकरणाची परवानगी मिळेना, म्हणून ते श्रीलंकेत करावं लागलं.

खेळाच्या नियमांतही हीच उतरंड येते. 'पल्प अ‍ॅली' हे मला आवडणारं नियमपुस्तक. त्यात टोळीला एक नायक असतो, एक उजवा हात, काही सोबती आणि काही अनुयायी. जितकं पात्र मोठं तितक्या जास्त बाजूंचा फासा. चार किंवा चारच्या वर पडलं की काम फत्ते. गणिताच्या सरांसाठी सांगतो : सहा बाजूंच्या फाशावर ही शक्यता शंभरात पन्नास, दहा बाजूंच्या फाशावर शंभरात सत्तर. या नियमपुस्तकात कोणाला नायक करायचं याची पूर्ण मोकळीक आहे. तरीही माझ्या लक्षात आलं, की टेबलाभोवती बसलेले आम्ही चौघे, चौघेही मराठी, दहा बाजूंचा फासा न बोलता टोपीवाल्या साहेबाच्या हातात देतो. पाठीवर गाठोडं असलेला माणूस आमच्याच रंगाचा, आणि तो कायम सहा बाजूंचा अनुयायी. पहिल्या गोळीला पडायचा. कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. आमच्या बोटांना सवय होती.

मग मी त्या काळाची खरी कागदपत्रं आणि प्रवासवर्णनं वाचायला घेतली. इतिहासाच्या बाई, तुम्ही सांगायचात की धड्यातला ठळक अक्षरातला माणूस पाहून झाला की त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. तेच केलं.

ऑरेल स्टाइन तक्लामकान वाळवंटात गेले, तुन-हुआंगच्या गुंफांतली हस्तलिखितं त्यांनी बाहेर काढली, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्या वाळवंटाचे नकाशे काढताना त्यांच्याबरोबर सर्व्हे ऑफ इंडियाचे राम सिंग होते, पुढे लाल सिंग होते. रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला 1923 साली गोबीत डायनोसॉरची अंडी सापडली. त्यांच्या मोटारी धावल्या त्या उंटांच्या तांड्याने आधी पुढे नेऊन ठेवलेल्या पेट्रोलवर. उंट हाकणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ नसतात.

आणि मग मला भेटला तो पल्पमधल्या कोणत्याही नायकाला मागे टाकणारा माणूस. कुमाऊँतल्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा नैन सिंग रावत. व्यवसाय : शाळामास्तर.

तिबेटमध्ये परक्यांना बंदी होती. इंग्रजांना तिथला नकाशा हवा होता. कॅप्टन माँटगोमेरी यांनी डोंगरातल्या माणसांनाच शिकवून पाठवायचं ठरवलं. नैन सिंगाला डेहराडूनला शिक्षण मिळालं. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचं पडलं पाहिजे. 2000 पावलं म्हणजे एक मैल. हातात जपमाळ, पण मणी 108 नव्हे, 100. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या आत मंत्रांऐवजी टिपणांचे कागद. पारा लपवला होता कवड्यांत. पाणी किती अंशांवर उकळतं ते पाहून समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची. यात्रेकरू आणि व्यापारी बनून हा मास्तर जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचला. पकडला गेला असता तर जीव गेला असता. परत आला तेव्हा ल्हासा नकाशावर नेमकं कुठे आहे हे जगाला कळलं. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

हे काम साम्राज्यासाठी होतं, हेही खरं. नकाशा गेला तो साहेबाच्या कपाटात. त्याचा अभिमान बाळगताना ही गोष्ट झाकायची नाही. पण तो चालला स्वतःच्या पायांनी आणि मोजलं स्वतःच्या डोक्याने. त्याला सहा बाजूंचा फासा देणं हा इतिहासाचा अपमान आहे.

म्हणून मी एक मूर्ती बदलली. मध्य आशियातल्या प्रवाशांच्या संचातला, पाठीवर गाठोडं असलेला माणूस घेतला. हातातली काठी कापली, पुट्टीने मूठ नव्याने घडवली आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेची माळ त्या मुठीत बसवली. मघाशी नीट बघून ठेवा म्हटलं तो हाच.

पण त्याला नायक करून साहेबासारख्या गोळ्या झाडायला लावल्या, तर नुसती कातडी बदलली असं झालं असतं. त्याचं शौर्य वेगळ्या जातीचं होतं. म्हणून आम्ही खेळच बदलला. टेबलाच्या एका टोकाकडून पाच यात्रेकरू निघतात. पाचांपैकी मोजणीदार कोण ते फक्त एका खेळाडूला माहीत, चिठ्ठीवर लिहून पालथं ठेवलेलं. मोजणीदार रोज ठरावीकच अंतर चालू शकतो, कारण पाऊल बिघडून चालत नाही. पळाला की मोजणी चुकते, आणि चुकली की मोहीम फुकट. समोरच्याकडे चौकीचे पहारेकरी. ते कोणालाही थांबवून झडती घेऊ शकतात, पण खऱ्या यात्रेकरूला तीनदा त्रास दिला की गावकरी बिथरतात आणि चौकीचाच बंदोबस्त कोसळतो. बंदूक एकदाही वाजत नाही. आणि सांगतो, इतकी धडधड मला कोणत्याही गोळीबारात झाली नाही. पहारेकरी समोर आणि आपला माणूस संथपणे मणी ओढत चाललाय. पळता येत नाही. आमच्यातला एक मित्र, ज्याला लढाईशिवाय काही सुचत नाही, तो पहिल्या डावानंतर गप्प बसला आणि म्हणाला, "परत मांड."

आपण सगळ्यांनी दिवाळीत किल्ले केलेत. मातीचा डोंगर, हळिवाचं हिरवं, वर सिंहासनावर महाराज. आणि पायथ्याशी कोण असायचं? जात्यावर दळणारी बाई, गाय, पोलीस, एखादा बॅट घेतलेला क्रिकेटपटू. प्रमाणाच्या दृष्टीने सगळा गोंधळ, मावळ्यापेक्षा कोंबडी मोठी. पण त्या किल्ल्यावर सगळ्यांना जागा होती. लहानपणी जे सहज जमत होतं ते मोठेपणी नियमपुस्तक हातात आल्यावर का निसटावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो, कारण संयोजक घड्याळाकडे पाहतायत आणि तिकडून मसालेभाताचा वास येतोय.

पल्पचा कागद पिवळा पडून त्याचे तुकडे का होतात? लाकडाच्या लगद्यात आम्ल तयार होतं आणि ते कागदाला आतून खातं. शिशाच्या जुन्या मूर्तींवर कधी कधी पांढरी भुकटी धरते आणि मूर्ती झिजून जाते, ती कशाने? अनेकदा त्यांना जपायला केलेल्या सुंदर लाकडी कपाटाने. ओकसारख्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि बंद काचेआड ती शिशाला खाते. गोष्टींचा कागद आणि गोष्टींतली माणसं, दोघांचा शत्रू एकच. मूर्ती लाकडी कपाटात बंद ठेवल्या की जातात. मोकळ्या हवेत राहिल्या तर टिकतात.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. हे दोन्ही डबे मी परत नेणार नाही. शाळेच्या ग्रंथालयात यांना लोखंडी कपाटात जागा द्यावी आणि कपाटाला कुलूप नसावं. सोबत नैन सिंगाच्या खेळाचे नियम मराठीत चार पानांवर लिहून ठेवलेत. आठवीच्या मुलांना पावसाळ्यात मैदानावर जाता येत नाही, त्या दिवसांत त्यांना हे मांडू द्या. रंग उडेल, एखाद्याची बंदूक वाकेल, चालेल. दोन कोऱ्या राखाडी मूर्ती आणि एक ब्रशही ठेवलाय. त्या मूर्ती कोण आहेत हे मुलांनी स्वतः ठरवावं.

आणि डबे कपाटात जाण्याआधी, मागच्या रांगेत कोणीतरी उंटवाला खिशात घातलाय, तो कृपया परत ठेवा. शाळेत असताना प्रयोगशाळेतला लोहचुंबक कोणी नेला होता तेही मला माहीत आहे.